दिवेलागणीचं मीठ

शालिकराम साठवणे याच्या दुकानाबद्दल सगळ्यात वाईट बोलणारा माणूस कोण असेल, तर तो शालिकराम स्वतः. नागपुरात प्रताप नगरच्या अगदी टोकाला, जिथे लेआउट, म्हणजे प्लॉट पाडलेली नवी वस्ती, संपून तुरीचं शेत सुरू व्हायचं, तिथे त्याचं टिनाच्या छपराचं किराणा दुकान होतं आणि दुकानामागे दोन खोल्यांचं घर. "आडनाव साठवणे, अन् साठा पाह्यला तं उंदीरबी उपाशी जाईन," असं तो नव्या गिऱ्हाइकाला आपणहून सांगे. गिऱ्हाईक हसे, चार आण्याचं गोडेतेल घेई आणि महिन्याचा किराणा भरायला सीताबर्डीच्या बसमध्ये जाऊन बसे.

हेच त्याचं खरं दुखणं होतं. आजूबाजूला नवे नवे बंगले उठत होते, कारकून, मास्तर, ओव्हरसियर राहायला येत होते, पण शालिकरामकडे यायचे ते अडीनडीला. पाहुणा अचानक टपकला म्हणून चहापत्ती, काडेपेटी सादळली म्हणून काडेपेटी. एखाद्या तरी घराचा महिन्याचा किराणा आपल्या दुकानातून जावा, पोत्यापोत्यानं जावा, आणि लोकांनी आपल्याला दुकानदार म्हणावं, एवढीच त्याची इच्छा. "आता मले लोक दुकानदार म्हनत नाई," तो बायकोला, इंदूबाईला म्हणे, "कोपऱ्यावरचा म्हनतात. कोपऱ्यावर तं हातपंपबी हाय."

आणि सत्तर-एकाहत्तरच्या सुमाराला त्याच्या कोपऱ्याला एकदम भाव आला. कोळशाच्या खाणीत नवी यंत्रं बसवायला पोलंडहून इंजिनियर आले आणि त्यांतल्या तिघांसाठी दुकानासमोरच्या रांगेतले तीन बंगले भाड्यानं घेतले गेले. पोलंड कुठे आहे हे शालिकरामला ठाऊक नव्हतं. पण ते सीताबर्डीपेक्षा लांब आहे, म्हणजे तिथली माणसं किराण्यासाठी तिथे जाणार नाहीत, एवढं त्याला कळलं आणि तेवढं त्याला पुरे होतं.

अशा वेळी सल्ला द्यायला दत्तोपंत होतेच. दत्तोपंत रिटायर्ड कारकून. इंग्रजांच्या राज्यात नागपूर राजधानी होतं तेव्हा ते सेक्रेटरिएटात नोकरीला लागले होते आणि अजून मनानं तिथून उठले नव्हते. "साहेब काय खातो ते मला विचार, शालिकराम," ते म्हणाले, "मी त्यांच्या टेबलावरच्या फायली उचलल्या आहेत." फायली उचलण्याचा आणि खाण्याचा संबंध काय, हे शालिकरामनं विचारलं नाही. अडला हरी गाढवाचे पाय धरी म्हणतात, तसं त्यानं पंतांना धरलं. पुढे तो ही गोष्ट सांगायचा तेव्हा इथे थांबून म्हणायचा, "त्याच्यात हरी कोन अन् दुसरा कोन, हे काई अजून ठरलं नाई."

दोघं सीताबर्डीला गेले आणि पंतांच्या सांगण्यावरून जॅमच्या बाटल्या, चीजचे डबे, टमाट्याचा सॉस आणि डब्यातले मासे घेऊन आले. डब्यावर माशाचं चित्र होतं. इंदूबाईनं तो डबा गल्ल्यावरच्या लक्ष्मीच्या तसबिरीकडे पाठ करून ठेवायला लावला. पंतांनी आग्रह करून पांढऱ्या मऊ कागदाच्या चार गुंडाळ्याही घ्यायला लावल्या होत्या. त्या कशासाठी असतात ते त्यांनी बसमध्ये शालिकरामच्या कानात सांगितलं. शालिकरामचा विश्वास बसला नाही. म्हाताऱ्याला आता भ्रम व्हायला लागला, असं धरून त्यानं त्या कागदात जिऱ्याच्या पुड्या बांधल्या. पंतांनी त्या महिन्यात जिरं घेतलं नाही.

तीन बंगल्यांतल्या दोघी बाया दुकानाकडे फिरकल्याच नाहीत, पण तिसरी आली. उंच, पिंगट केसांची, चाळिशीची असेल. नाव यादविगा. लेआउटनं दोन दिवसांत तिची यादवबाई केली. शालिकरामनं डोकं चालवलं की पोलंडातही यादव असतील, आपल्याकडचे नाही का कुठे कुठे पसरले. यादवबाईनं मांडलेले डबे एकेक करून पाहिले, मान डोलावून कौतुक केलं आणि साखर, काडेपेटी अन् धुण्याचा साबण घेऊन ती निघाली. दाराशी जाऊन परत वळली. दोन बोटं एकमेकांवर चोळून तिनं नाकाशी नेली आणि डोळे मिटून वास घेतल्यासारखं केलं. काहीतरी हवं होतं तिला. शालिकरामनं ओवा दाखवला. नाही. धने दाखवले. नाही. बडीशेप पुढे केली, तेव्हा ती जरा थबकली, दोन दाणे चोळून पाहिले आणि मग तीही नको म्हणून हसून निघून गेली.

पण ती रोज येऊ लागली, आणि यायची ती सकाळी सगळ्यांच्या आधी. भाव करायची नाही, दिलेलं मोजून पाहायची नाही. दुकानदाराला दिवसाचं पहिलं गिऱ्हाईक असं मिळालं तर त्यानं दुसरं मागावं काय? यादवबाईच्या हातची बोहणी शालिकरामला अशी लाभली की दिवसभर दुकानात पाय ठेवायला जागा उरेना. त्याचं एक कारण लक्ष्मी होती आणि दुसरं म्हणजे लेआउटमधल्या बाया. परदेशची बाई जिथून साखर नेते तिथली साखर वाईट कशी असेल, असं त्यांनी आपसांत ठरवलं. दोन घरांनी महिन्याचा किराणा शालिकरामकडून भरला. शालिकराम बनियनवर दुकानात बसायचा तो शर्ट घालून बसायला लागला, आणि हातपंपाची गोष्ट त्यानं सांगायची सोडली.

कार्तिक संपत आला होता. एका संध्याकाळी शालिकरामनं लक्ष्मीपुढे दिवा लावला, हात जोडले, आणि मागे वळतो तो दुकानात यादवबाई उभी. कधी नव्हे ती संध्याकाळची आली होती. पोटाशी फडकं बांधलेलं, कोपरापर्यंत हाताला पत्तागोबीचे किस चिकटलेले, आणि हातात एक मोठी वाटी. धावत आली असावी. तिनं दाराशी ठेवलेल्या खड्या मिठाच्या पोत्याकडे बोट दाखवलं.

आता शालिकराम काही फार देवभोळा माणूस नव्हता. अमावास्येला तेल विकायचा, शनिवारी लोखंड विकायचा, एकादशीला स्वतः कांदा खायचा. पण दिवेलागण झाली की मीठ घराबाहेर द्यायचं नाही, दिलं तर त्याच्यासोबत लक्ष्मी निघून जाते, हे त्याच्या आईनं त्याला असं काही पढवलं होतं की देवाला न भिणारा हा माणूस मिठाला भ्यायचा. आणि लक्ष्मी तर आत्ता कुठे यायला लागली होती. त्यानं हात जोडले. बाईला वाटलं, नमस्कार केला. तिनंही केला आणि परत पोत्याकडे बोट दाखवलं. त्यानं मान हलवली, आकाशाकडे हात करून सूर्य वर येताना दाखवला, म्हणजे सकाळी ये. बाईनं आकाशाकडे पाहिलं, मग पोत्याकडे पाहिलं. पोतं तर काठोकाठ भरलेलं. शेवटी शालिकरामनं पोत्यावर बारदान टाकलं. तरी पोतं दिसतच होतं, म्हणून तो स्वतः त्याच्यावर बसला.

बाई रिकामी वाटी घेऊन गेली. शालिकरामला फार बरं वाटलं. मोठ्या संकटातून लक्ष्मीला वाचवलं, असं वाटून तो त्या रात्री एक भाकर जास्त जेवला.

दुसऱ्या दिवशी बोहणीला बाई आली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. शालिकराम सहज म्हणून तिच्या बंगल्यावरून चक्कर मारून आला, तर फाटकाशी दोन गाई बारीक चिरलेल्या पत्तागोबीच्या ढिगात तोंड घालून उभ्या. गाईला गोबी, आणि तीही अशी सुपारीसारखी कातरून. काय दानशूर माणसं आहेत, असं तो घरी येऊन बायकोला सांगत होता, तोवर तिथला ड्रायव्हर नत्थू विडीसाठी दुकानात आला.

"दानशूर कायचे," नत्थू म्हणाला. "ते त्यायचं लोनचं असते गा. गोबी चिरायची अन् मिठात दाबून ठेवायची, मंग ते आंबते. साहेबानं इथं आल्यापासून तोंडात नाई घातलं. बाईनं दुपारभर बसून टपभर गोबी चिरली अन् ऐनवेळी मीठ सरलं. मी साहेबाले घ्याले गेलो होतो अन् भैय्याजीचं दुकान त्या दिवशी बंद. तुह्याकडून गेली तं घरोघर फिरली वाटी घेऊन. साऱ्या बाया हात जोडून राह्यल्या, सकाळी या, सकाळी या. कोनी सांगन तं ना, काहून ते. घरी आली अन् पायरीवर बसून राह्यली. आता मले रोज भैय्याजीकडे पाठवते."

भैय्याजी म्हणजे पलीकडच्या चौकातला दुकानदार, लक्ष्मीला न भिता चोवीस तास मीठ विकणारा. नत्थू विडी पेटवून गेला. दुकानात फक्त इंदूबाई उरली, आणि ती चुलीवरचा तवा उतरवून बाहेर आली होती. ती फारशी बोलणारी बाई नव्हती. त्या दिवशी बोलली.

"लक्ष्मी जाऊ नये म्हनून पोत्यावर बसले तुमी," ती म्हणाली. "अन् समोर वाटी घेऊन उभी होती ते कोन होती?"

शालिकराम पानाला चुना लावायला बसला. पुढे कित्येक वर्षांनी गोष्ट सांगतानाही इथे आला की तो पानाला चुनाच लावत बसायचा.

लेआउटमध्ये बातमी फिरली ती अशी, की साठवणेनं परदेशी बाईला मीठ नाही दिलं. फिरवणाऱ्या त्याच बाया, ज्यांनी आपापल्या दारात हात जोडले होते. महिन्याचा किराणा भरणारी दोन्ही घरं भैय्याजीकडे गेली. शालिकराम परत बनियनवर आला आणि हातपंप परत बोलण्यात आला. पण खरं सांगायचं तर त्याला गल्ल्यापेक्षा ती पायरी जास्त खुपत होती. परक्या गावात रिकामी वाटी घेऊन पायरीवर बसलेली बाई डोळ्यांपुढून हलेना. शेवटी तो खड्या मिठाची पिशवी खांद्यावर टाकून सकाळी सकाळी दत्तोपंतांकडे गेला. "पंत, तुमी इंग्रजी जानता. बाईले एवढं समजावून सांगा, का मी वाईट मानूस नाई, निरा बावळट हाय."

पंतांचं इंग्रजी फायलीतलं. यादवबाईचं इंग्रजी त्याहून तोकडं. बंगल्याच्या व्हरांड्यात दोघं समोरासमोर बसले आणि शालिकराम पिशवी मांडीवर घेऊन मध्ये. पंतांनी घसा खाकरून सांगितलं की संध्याकाळी मीठ दिलं की लक्ष्मी जाते. बाईनं विचारलं, लक्ष्मी कोण? पंत म्हणाले, याच्या घरची. बाईनं विचारलं, घर सोडून जाते? पंत म्हणाले, जाते. परत येत नाही? पंतांनी गंभीरपणे मान हलवली आणि सांगितलं, फार कठीण. बाई शालिकरामकडे पाहत राहिली. तिचे डोळे भरून आले होते. तिनं मीठ घेतलं, त्याचा हात हातात घेऊन थोपटला आणि दोघांना फाटकापर्यंत पोचवलं.

"समजलं तिला," पंत वाटेत म्हणाले. "अरे, मुद्देसूद मांडलं की कुणालाही समजतं."

काय समजलं होतं ते दुसऱ्या दिवशी कळलं. यादवबाई घरी भाजलेला केक घेऊन दुकानात आली. चेहरा मयताच्या घरी आल्यासारखा. तिनं केक शालिकरामच्या हातात दिला आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवून आपल्या भाषेत हळू आवाजात कितीतरी वेळ बोलली. समोर पिठाची गिरणी होती, तिथे दळणाला आलेल्या चार बाया दळण विसरून पाहत होत्या. शालिकरामला घाम फुटला. तेवढ्यात आतून इंदूबाई पदराला हात पुसत आली.

"ही काहून रडून राह्यली?" तिनं विचारलं.

"मले का माहीत," शालिकराम म्हणाला. "मी तं केक धरून उभा हाय."

यादवबाईनं इंदूबाईकडे पाहिलं. ही घरात कामाला येत असेल असं तिला वाटलं असावं, कारण तिनं अगदी दबक्या आवाजात तिला विचारलं, "लक्ष्मी?"

इंदूबाईनं सरळ गल्ल्यावरच्या तसबिरीकडे बोट दाखवलं. तसबिरीला हार होता, पुढे सकाळचा दिवा अजून तेवत होता. यादवबाईचा चेहरा पांढरा पडला. बाई पळून गेली नव्हती तर, वारलीच होती. ती तसबिरीपुढे गेली, मान खाली घातली आणि कपाळाला, छातीला, दोन्ही खांद्यांना बोटं लावून तिनं आपल्या देवाजवळ लक्ष्मीच्या आत्म्यासाठी काहीतरी मागितलं. मग डोळे उघडून तिनं मृताचा चेहरा नीट पाहिला. चेहऱ्यावरून नजर खाली आली. एक हात, दोन हात. तिसरा हात. तिनं आणखी जवळ जाऊन चौथाही पाहिला. एका हातातून नाणी गळत होती, खाली कमळ होतं. ती वळली. शालिकरामकडे पाहिलं, हातातल्या केककडे पाहिलं, दाराशी ठेवलेल्या मिठाच्या पोत्याकडे पाहिलं, आणि सगळं तिच्या ध्यानात आलं. मग तिला जे हसू फुटलं ते काही केल्या थांबेना. हसता हसता टेकायला जागा शोधत ती त्याच मिठाच्या पोत्यावर बसली.

लक्ष्मी म्हणजे शालिकरामची बायको असं ती समजली होती, हे त्याला उशिरा उमगलं. उमगलं तेव्हा तोही हसला, पण जरा इकडेतिकडे पाहून, कारण गिरणीवरच्या बायांनी तोवर दोन वेगळ्याच गोष्टी तयार केल्या असणार हे त्याला दिसत होतं.

इंदूबाईनं बाईला पाणी प्यायला आत नेलं आणि आतून मागच्या अंगणात. न्हाणीचं पाणी जिकडे वाहायचं तिकडे इंदूबाईनं घरापुरती भाजी लावली होती, चार हात जागेत शेपू आणि आंबटचुका. यादवबाई तिथे पोचली आणि एकदम गुडघ्यांवर बसली. शेपूचं एक पान तोडून तिनं दोन बोटांत चोळलं, नाकाशी नेलं आणि डोळे मिटले. अगदी तेच, जे पहिल्या दिवशी तिनं शालिकरामला करून दाखवलं होतं. मग चुक्याचं पान तोडून तिनं तसंच न धुता तोंडात टाकलं, आणि आता ती खरोखर रडू लागली, मयताच्या घरचं रडणं नव्हतं ते. इंदूबाईला काही विचारता येत नव्हतं. ती तिच्याजवळ मातीत बसली आणि तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली.

नत्थूकडून पुढे कळलं ते इतकंच, की तिच्या गावाकडे याच दोन भाज्या. शेपूशिवाय त्यांचं लोणचं नाही आणि चुक्याशिवाय सार नाही. आल्यापासून ती सीताबर्डीच्या मोठमोठ्या दुकानांतून काचेआडचे डबे पाहत हिंडली होती. भाजी आणायला आचारी जायचा, आणि साहेबलोक शेपू खातात हे त्याच्या गावीही नव्हतं. तो आपला बटाटे, गोबी आणि वाटाणे आणायचा.

"पाहा आता माही हुशारी," शालिकराम पुढे सांगायचा. "सीताबर्डीहून डबे वाहून आनले, मासा लक्ष्मीकडे पाठ करून ठेवला, पंताले बसचं तिकीट काढलं. अन् बाईले पायजे होतं ते माह्या न्हानीच्या पान्यावर वाढून राह्यलं होतं. मले वाटे, घरची भाजी कोनी इकते का?"

विकली नाहीच त्यानं. इंदूबाईनं विकू दिली नाही. पण यादवबाईनं महिन्याचा किराणा शालिकरामकडून भरायला सुरुवात केली, आणि बाकीच्या दोन बंगल्यांतल्या बायांनाही घेऊन आली. दुकानामागच्या अंगणात दोन मोठ्या बरण्या आल्या. त्यात गोबी, काकड्या, लसूण, शेपूचे तुरे असं काय काय जाऊ लागलं. त्यांना आणखी एक झणझणीत मुळी लागायची, ती मिळेना. दत्तोपंत म्हणाले, शेवग्याची मुळी घाला, इंग्रज साहेब तीच किसून खायचे. बाईनं चाखून पाहिली आणि पंतांना मिठीच मारली. साहेबांबद्दल पंतांचं आयुष्यात एवढं एकच खरं निघालं, आणि ते त्यांना मरेपर्यंत पुरलं.

राहिला प्रश्न मिठाचा. यादवबाई दुपारभर चिरायची आणि मीठ कमी पडायचं ते नेमकं दिवेलागणीला. शालिकरामला आईची शिकवण मोडायची नव्हती आणि त्या वाटीला परत नाहीही म्हणायचं नव्हतं. त्यानं यावर जो तोडगा काढला तो त्याच्याच डोक्यातून निघावा असा होता. त्यानं दिवा लावणंच लांबवलं. बाई येऊन मीठ घेऊन जाईपर्यंत दुकानात दिवा नाही, कंदील नाही. दिवा लागला नाही म्हणजे दिवेलागण झाली नाही, मग लक्ष्मी कशाला जाईल. बाकी गिऱ्हाइकं अंधारात ठेचकाळत यायची आणि चाचपडत सामान न्यायची. एकदा दत्तोपंतांना साखरेऐवजी धुण्याचा सोडा गेला आणि पंत दोन दिवस त्याच्याशी बोलले नाहीत. लेआउटमधली पोरं त्याला आंधळं दुकान म्हणायला लागली. शालिकरामला नाव आवडलं. "कोपऱ्यावरच्यापेक्षा बरं हाय," तो म्हणाला.

असं दोन वर्षं चाललं. मग खाणीतलं काम संपलं आणि चैत्राच्या अखेरीस बंगले रिकामे व्हायला लागले. यादवबाई दिवसभर इंदूबाईजवळ अंगणात बसून निरोप घेऊन गेली होती. शेपूचं बी इंदूबाईनं तिला फडक्यात बांधून दिलं. दुसऱ्या दिवशी सकाळची गाडी होती. आता संध्याकाळी कोणी मीठ मागायला येणार नव्हतं, म्हणून शालिकरामनं दोन वर्षांत पहिल्यांदा वेळेवर दिवा लावला. दुकान उजळलं, आणि ते त्याला ओकंबोकं वाटलं. उद्यापासून बोहणी कोणाच्या हातची, एवढा एकच विचार त्याच्या डोक्यात होता, असं तो सांगायचा. खरं तर तसं नव्हतं. त्याला वाईट वाटत होतं, आणि वाईट वाटण्याची त्याला सवय नव्हती.

तेवढ्यात पायरीवर पाऊल वाजलं. यादवबाई होती. तिच्या हातात बरणी होती आणि बरणीत अर्ध्यापर्यंत खडं मीठ. सामान आवरताना उरलं असणार. ते सोबत नेता येईना, आणि टाकता तर येतच नव्हतं, कारण मीठ सांडलं तर मेल्यावर पापण्यांनी वेचावं लागतं, हे इंदूबाईनं तिला दोन वर्षांत हाताखुणांनी पक्कं शिकवलं होतं. तिनं बरणी पुढे केली आणि तिची नजर तसबिरीकडे गेली. दिवा लागलेला होता.

तिचा हात तिथेच थांबला. तिलाही आता सगळं ठाऊक होतं. तिनं दिव्याकडे बोट दाखवलं, बरणीकडे दाखवलं, आणि हसून बरणी आणखी पुढे केली. म्हणजे घे, माझी लक्ष्मी तुझ्या घरी राहू दे.

शालिकराम उठला. जन्मभर त्यानं या एकाच गोष्टीची वाट पाहिली होती. दुसऱ्या कोणाची लक्ष्मी आपल्या पायांनी दुकानात यावी म्हणून त्यानं डबे मांडले होते, पोत्यावर बसला होता, अंधारात सोडा विकला होता. आता ती बरणीत बसून दारात आली होती, आणि देणारी हसत देत होती. हात पुढे करायचा तेवढा अवकाश होता. पण ही बाई उद्या एवढ्या लांब जाणार, तिचं नवं बिऱ्हाड लागायचं, तिच्या चुलीवर चुक्याचं सार शिजायचं, आणि तिच्या घरची लक्ष्मी इथे प्रताप नगरच्या टोकाला ठेवून घ्यायची? तो तसबिरीकडे वळला. दिवा तोंडानं फुंकू नये, फुलानं शांत करावा, हेही आईनंच शिकवलं होतं. फूल शोधायला वेळ नव्हता. त्यानं फुंकर मारली.

दुकान काळोखात गेलं. त्या काळोखात त्यानं दोन्ही हातांनी बरणी घेतली आणि कपाळाला लावली. यादवबाईनं त्याचा हात थोपटला, पहिल्यांदा व्हरांड्यात थोपटला होता तसाच, आणि ती पायरी उतरून गेली.

"दिवा काहून गेला?" इंदूबाईनं आतून विचारलं.

"वारं आलं," शालिकराम म्हणाला.

चैत्रात नागपूरला संध्याकाळी पान हलत नाही, हे इंदूबाईला चांगलं ठाऊक होतं. ती काडेपेटी घेऊन उठली, पण लगेच बाहेर आली नाही. समोरच्या बंगल्याचं फाटक वाजून बंद होईपर्यंत ती दाराशी थांबली आणि मग दिवा लावायला आली.